चालती जीप ओरिजिनल करणे

आमची जीप फोर-व्हील ड्राइव्ह आहे. म्हणजे इंजिनाची ताकद एकदम चारही चाकांना मिळते, असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगतात. प्रत्यक्षात ती ताकद समोरच्या तालमीतून येते. रविवारी सकाळी हे फाटकात उभे राहून नुसते खाकरले, की चार-सहा पोरं जोर अर्धवट टाकून अंगाच्या तांबड्या मातीसकट बाहेर येतात आणि जीपला मागून हात लावतात. सुरुवातीला वस्ताद चिडायचे. आता म्हणतात, "जावा रं. मेहनत हितं केली काय आन् तितं केली काय." जीप गल्लीच्या टोकापर्यंत ढकलली जाते, तिथं एक उचकी देते, निळा धूर सोडते आणि चालू होते किंवा होत नाही. झाली तर हे तिला चालवत परत दारात आणतात आणि बंद करतात. नाही झाली तर पोरं ढकलत परत दारात आणतात. जीप दोन्ही वेळा दारातच येते. फरक कळतो तो फक्त ह्यांच्या चेहऱ्यावरून.

ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. तेव्हा दाराशी जीप असायची आणि जीपमध्ये ड्रायव्हर असायचा. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. जीप आणि ड्रायव्हर खात्यानं ठेवून घेतले. ह्या सगळ्या छंदाचं मूळ माझ्या मते त्या दिवसात आहे. ह्यांच्या मते ते दुसऱ्या महायुद्धात आहे.

त्या काळी खेड्यात जीप म्हणजे सरकार. कलेक्टर जीपमधून येणार, फौजदार जीपमधून येणार, कारखान्याचे चेअरमनही जीपमधूनच येणार. हे नोकरीला लागले तेव्हा आणीबाणी उलटून काही वर्षं झाली होती, तरी जीपचा आवाज आला की गावातले काही बाप्ये नसबंदीच्या जुन्या धास्तीनं सवयीनं उसात शिरायचे. हे बिचारे कालव्याची पाहणी करायला गेलेले. पाणी कधी सुटलं हे सांगायला गावात एक पुरुष सापडायचा नाही. पण ह्यांना त्यातही जीपचा दरारा दिसायचा. तो दरारा आयुष्यभर भाड्यानं वापरला. निवृत्तीनंतर तो विकत घ्यावा असं ह्यांच्या मनानं घेतलं.

शिरोळकडच्या एका मळ्यात महायुद्धाच्या काळातली जीप पडून आहे, अशी बातमी आली. जाताना मी वाटेत ह्यांना नीट पढवलं होतं. चेहरा कोरा ठेवायचा, दोनदा नाक मुरडायचं, निघायला म्हणून वळायचं आणि मगच किंमत विचारायची. हे "हो, हो" म्हणाले. मळ्यात गोठ्याशेजारी जीप उभी होती. हे तिच्यापुढं उकिडवे बसले, समोरच्या जाळीच्या फटी बोटानं मोजल्या आणि लॉटरी लागल्याच्या आवाजात ओरडले, "नऊ!"

लढाईतल्या जीपच्या जाळीला नऊ फटी असतात आणि नंतर नागरिकांसाठी काढलेल्या जीपला सात, हे ज्ञान मला परतीच्या वाटेवर मिळालं. मालकाला ते त्या क्षणीही नव्हतं. पण नऊ म्हणजे काहीतरी आहे आणि त्याचे पैसे होतात, एवढं त्याला बरोबर कळलं. त्यानं किंमत सांगितली, आमच्या चेहऱ्यांकडं पाहिलं आणि वर जोडलं, "आन् ही साधी जीप न्हवं बरं का. 'आराधना' पिक्चरमधी राजेश खन्ना हितंच बसलाय."

"तो पिक्चर १९६९ चा," मी म्हटलं. "जीपच्या गाण्याचं शूटिंग दार्जिलिंगला झालं होतं. दार्जिलिंगची जीप शिरोळला कशी आली?"

"बदली झाली आसंल."

सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या माणसाला हे कारण लगेच पटलं. त्या गाण्यासाठी शर्मिला टागोरही दार्जिलिंगला गेल्या नव्हत्या, त्यांचा भाग स्टुडिओत चित्रित केला, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण तोवर ह्यांनी बयाणा दिला होता. ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी खुडूक बसलेली होती. मालक म्हणाला, "पिल्लं निघाली की न्या. एकवीस दिस." ह्यांनी तेही मान्य केलं. उलट रोज संध्याकाळी फोन करून कोंबडीची खुशाली विचारत होते.

आता खरी गंमत ऐका. ती जीप चालत होती! मधल्या काळात कोणीतरी तिच्यात ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलं होतं. आवाज एवढा, की शेजारी बसून भांडता यायचं नाही. पण किल्ली फिरवली की चालू, आणि शिरोळ ते कोल्हापूर एकदाही न थांबता आली. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे तिला मिस्त्रीकडं घेऊन गेले आणि म्हणाले, "इंजिन काढा."

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, कान देऊन ऐकलं. "चालतीया की साहेब."

"चालते. पण हे इंजिन हिचं नाही."

"आन् हिला कुठं म्हाईत हाय?"

ह्या वाक्यावर तो विषय संपायला हवा होता. पण छंदाला लागलेल्या माणसाला गाडी चालते का, हा प्रश्न पडत नाही. ओरिजिनल आहे का, हा पडतो. मूळचं इंजिन पेट्रोलचं. चार सिलिंडर, साठ अश्वशक्ती, आणि नाव 'गो डेव्हिल'. असं एक इंजिन दिल्लीला मायापुरीच्या जुन्या मालात आहे असा शोध लागला. ते ट्रान्सपोर्टनं आलं. आत गंज, बाहेर गंज, पण गंजसुद्धा त्या काळचा. मग चालणारं इंजिन उतरवून न चालणारं चढवण्यात आलं. मजुरीच्या बदल्यात डिझेल इंजिन मिस्त्रीनं मागून घेतलं. "आडगळ हुतीया तुमाला," म्हणाला.

जेवायला बसलं की हे त्या जीपची जन्मकथा सांगतात. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती, आणि लगेच हवी होती. पेन्सिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बॅंटम नावाच्या, बुडत आलेल्या लहानशा कंपनीनं आव्हान घेतलं. कार्ल प्रॉब्स्ट ह्या अभियंत्यानं घाईघाईनं नकाशे काढले आणि ४९ दिवसांच्या मुदतीत, शेवटच्या दिवशी अर्धा तास शिल्लक असताना, पहिली गाडी सैन्याच्या दारात उभी केली. पुढं सैन्यानं हा पसारा बॅंटमला झेपणार नाही म्हणून मोठी कामं विलीज आणि फोर्डला दिली. त्या दोघांनी १९४५ पर्यंत सहा लाखांहून जास्त जीप ओतल्या.

शून्यापासून अख्खी गाडी, ४९ दिवसांत. आमच्या जीपचा नुसता स्टार्टर खोलून परत बसवेपर्यंत एक अख्खा पावसाळा गेला. आणि ज्यांनी ती बनवली त्यांना ती टिकवायचीही नव्हती. चिखलात घालायची, नदीत घालायची, तोफ ओढायची, मोडली की सोडून पुढं जायचं. ऐंशी वर्षांनी कोल्हापुरात कोणीतरी भिंग घेऊन तिच्या बोल्टाचा माथा तपासेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

बोल्टाचं सांगायलाच हवं. फोर्डनं आपल्याकडं बनलेल्या भागांवर आपला इंग्रजी 'एफ' उठवला होता. कित्येक बोल्टांच्या माथ्यावरसुद्धा. आमची चासी फोर्डची निघाली. तेव्हापासून ह्यांना एफवाल्या बोल्टांचं वेड लागलं. साधा बोल्ट बसतो, घट्ट बसतो, पण ह्यांना रात्री झोप लागत नाही. आमच्या उद्यमनगरात नमुना टेबलावर ठेवला की संध्याकाळपर्यंत जगातला कुठलाही भाग लेथवरून उतरतो, म्हणून मी ह्यांना तिकडं पाठवलं. तिथल्या कारागिरानं बोल्ट उलटा-सुलटा बघितला. "शंभर करून देतो. एफ छापतो. पायजेल तर तुमचं नाव बी छापतो." हे तिथून जे उठून आले, ते दोन दिवस त्या बाजूनं गेलेसुद्धा नाहीत. नकली एफ! कोणाला कळणार, असं मी विचारलं. "मला कळेल," हे म्हणाले. एवढ्या नैतिक उंचीवरून हा माणूस इन्कमटॅक्सचं रिटर्न भरताना कधी बोललेला मला आठवत नाही.

पुण्याला लेकीकडं गेलो की माझी तुळशीबाग राहते आणि ह्यांचा जुना बाजार होतो. एका रविवारी तिथं किलोवर विकायला मांडलेल्या गंजक्या ढिगातून ह्यांनी एक बोल्ट उचलला, देव पुसावा तशा भक्तीनं स्वच्छ रुमालानं पुसला, आणि ह्यांचे डोळे पाणावले. विकणाऱ्यानं ते डोळे पाहिले. तो बोल्ट तिथल्या तिथं किलोच्या भावातून निघून नगाच्या भावात गेला.

लेकीनं एकदा ह्यांना पुराव्यानिशी अडवलं. "बाबा, लढाईत जीप मोडायच्या तेव्हा दुरुस्तीच्या डेपोत जे हाताला लागेल ते जोडायचे. विलीजची बॉडी फोर्डच्या चासीवर, ह्याचं इंजिन त्याला. सैन्यालाच ओरिजिनलची फिकीर नव्हती."

"त्यांना युद्ध जिंकायचं होतं," हे म्हणाले. "मला जीप दुरुस्त करायचीय."

रंगाचं प्रकरण मी थोडक्यात सांगते, कारण त्यात दोन माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. सैन्याचा हिरवा रंग मंद हवा, त्याला अजिबात चकाकी नको, असं ह्यांचं म्हणणं. चकाकी नसलेला रंग मारला तर गल्लीत आपली अब्रू काय राहील, असं पेंटरचं. "साहेब, लोक म्हणत्याल ह्यानं शेवटचा हात मारलाच न्हाई." शेवटी त्यानं पैसे आगाऊ घेऊन, डोळ्यांत पाणी आणून मंद रंग मारला आणि कोणाला आपलं नाव सांगू नका अशी अट घातली.

जीप अंगणात असते म्हणून घर मोकळं आहे असं समजू नका. घरात तिचा संसार आहे. भिंतीवर लष्करी फावडं आणि कुऱ्हाड. ती जीपच्या ड्रायव्हरच्या बाजूला पट्ट्यांनी बांधायची असतात, पण चोरीला जातील म्हणून दिवाणखान्यात. माझ्या शाळेतल्या ढाली आणि करंडक होते त्या शोकेसमध्ये आता बोटाएवढ्या जीप, एक मोडका स्पीडोमीटर आणि डॅशबोर्डवरच्या पितळी पाट्या. उशाशी टीएम ९-८०३, म्हणजे ह्या जीपची १९४४ ची लष्करी पुस्तिका. निघण्याआधी, चालताना, थांबल्यावर आणि परत आल्यावर शिपायानं काय काय तपासायचं, ते तीत दिलं आहे. हे वाचतात आणि मी वहीत खुणा करते. 'चालताना' हा भाग आम्ही बहुतेक वेळा गाळतो.

आणि जेरीकॅन. वीस लिटरचा, गंजलेला, युद्धकाळातला. मूळ घडण जर्मनांची. दोस्तराष्ट्रांनी पाहिला, आवडला आणि उचलला. त्याला वर तीन मुठी असतात. भरलेला असला तर दोघांनी मिळून एक उचलायचा, रिकामे असले तर एकानं एका हातात दोन. हे सगळं पाहुण्यांना पोहे येईपर्यंत ऐकावं लागतं. एकदा कॉर्पोरेशनचं पाणी दोन दिवस येणार नव्हतं. आमच्या कामाच्या मावशींनी घरातलं प्रत्येक भांडं भरलं, आणि भांडी संपली तेव्हा जेरीकॅन खरवडून, चिंचेनं घासून, लख्ख करून भरून ठेवला. हे बाहेरून आले. बराच वेळ नुसते उभेच राहिले. ऐंशी वर्षांचा अस्सल गंज मोरीतून वाहून गेला होता.

"मावशी, हे काय केलंत?"

"पानी भरलं की. भांडं पानी भरायलाच अस्तंय न्हवं?"

आता त्या जेरीकॅनला परत गंज यावा म्हणून तो पावसात ठेवतात. घरातली बाकी सगळी भांडी मी पावसातून आत आणते.

हे वेड कोल्हापुरात आहे म्हणून कोणी हसू नये. आमच्याकडं दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा लोक सोनं लुटायचं सोडून तिच्याकडं बघत राहतात, हे खरं. पण अमेरिकेत तर कित्येक दशकं एक अफवा फिरत होती. सरकारी गोदामात ग्रीस लावून पेटीत बंद केलेल्या कोऱ्या जीप आहेत आणि त्या पन्नास डॉलरला मिळतात, अशी. मासिकांत तशा जाहिराती यायच्या. भाबड्यांनी पैसे पाठवले की टपालानं यायची एक पुस्तिका: सरकारी लिलावात माल कसा घ्यावा, त्याची माहिती. मी ही हकिकत ह्यांना धडा मिळावा म्हणून वाचून दाखवली. हे कान टवकारून म्हणाले, "ती पुस्तिका कुठं मिळेल?"

जीप पहिल्यांदा लांब न्यायची ठरली तेव्हा गगनबावडा निवडला. तोही आषाढात, कारण फोर-व्हील ड्राइव्हची परीक्षा चिखलातच होते. निघताना पंपावर गेलो. पेट्रोल भरणारा मुलगा हातात नळी घेऊन जीपभोवती दोन फेऱ्या मारून आला.

"काका, टाकी कुठाय?"

"मी बसलोय तिथं."

ह्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली असते. पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरनं उतरायचं, गादी उचलायची. मागं रांगेत उभ्या लोकांना वाटलं, म्हातारा पैसे न देता उठून चालला.

स्टेअरिंग अमेरिकन पद्धतीचं, डावीकडं. त्यामुळं मी उजवीकडं, रस्त्याच्या मधोमध. दार नाही, पट्टा आहे. पुढच्या ट्रकपलीकडचं ह्यांना दिसत नाही, मला दिसतं. म्हणजे ओव्हरटेक करायचा की नाही हा निर्णय माझा. चौतीस वर्षांच्या संसारात एवढा अधिकार मला पहिल्यांदाच मिळाला, आणि मी तो जपून वापरला. वाटेत एकाही वाहनाला ओव्हरटेक करू दिलं नाही. रंकाळ्याच्या पुढं एका हवालदारानं हात केला, सवयीनं उजव्या बाजूला आला आणि मला म्हणाला, "लायसन." मी रिकामे हात वर करून दाखवले. समोर स्टेअरिंग नाही, हातात पर्स. हवालदारानं आधी मला, मग पलीकडं ह्यांना पाहिलं आणि सांगितलं, "जावा. पर सावकाश जावा."

साळवण सोडलं आणि पावसानं गाठलं. ह्या जीपचे वायपर हातानं फिरवायचे असतात. हे दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसलेले, कारण त्यात एवढा प्ले, की अर्धा फेरा फिरवल्यावर चाकांना निरोप पोचतो. म्हणजे वायपर माझ्याकडं. एका हातानं वायपर, दुसऱ्या हातानं ओव्हरटेक करू पाहणाऱ्या मागच्या एसटीला इशारे, आणि वरच्या कॅनव्हासमधून नेमकी माझ्या मानेवर धार. ह्यांनी पुढच्या चाकांचा दांडा ओढला. "आता बघ, चारही चाकं ओढतायत!" त्यानंतर एकही ओढेना.

अंधार पडला. मग ह्यांनी मला एक चमत्कार दाखवला: ह्या जीपचे हेडलाइट मागं उलटे वळवता येतात, म्हणजे उजेड थेट इंजिनावर पडतो. रात्री, पावसात, रस्त्याकडेला बॉनेट उघडून बसायची वेळ येणार, हे त्या अभियंत्यांनी धरूनच चाललं होतं. त्या उजेडात हे दोन तास इंजिनाकडं बघत उभे राहिले. एसटीतल्या लोकांनी खिडक्यांतून सल्ले दिले. एकानं प्लग सांगितला, एकानं कॉइल, आणि एका आजीबाईंनी "नारळ फोडला न्हाईसा" हे निदान केलं. शेवटी मी मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्री आला तो स्वतःच्या जीपमधून. लांबूनच आवाज ओळखीचा वाटला. आपलं मूल दुसऱ्याच्या घरी गुणी निघावं, तसं ते डिझेल इंजिन अंधारात, पावसात, एकदाही न खोकता येऊन उभं राहिलं. मिस्त्रीनं साखळी लावली आणि आमची ओरिजिनल जीप आमच्याच जुन्या इंजिननं कोल्हापूरपर्यंत ओढत आणली. मी मिस्त्रीच्या जीपमध्ये बसले. हे मागं, बंद जीपमध्ये, ताठ मानेनं.

एवढं झाल्यावर नोंदणीचा प्रश्न आला. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज ठरते, नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं येतात, वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांची नोंद. पण अशी गाडी रोजच्या वापराला घ्यायची नाही. प्रदर्शन आणि रॅलीला न्यायची. नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. मी नियम दोनदा वाचला. पेट्रोल पंप आणि मिस्त्री, आमची जीप एवढ्या दोनच ठिकाणी जात आली आहे. कायदा होण्याआधीपासून तो पाळणारं आमचं घर पहिलंच असेल.

तपासणीला जीप नेली. साहेब भला माणूस. त्यांनी कौतुकानं सगळं पाहिलं, मूळ पितळी पाट्यांवरून हात फिरवला. मग त्यांची नजर मागं गेली. लाल मातीनं माखलेली सहा पोरं हाताची घडी घालून उभी होती.

"ही मुलं कोण?"

"फोर-व्हील ड्राइव्ह," मी म्हटलं.

आता ताजी बातमी. लेकीनं स्वतःचं स्वतः ठरवलं आहे. मुलगा तिच्याच कंपनीत, घरचे बेळगावचे. मागच्या महिन्यात ते सगळे रीतसर भेटायला आले. मी सकाळपासून ह्यांना बजावलं होतं की आज जीपचा विषय काढायचा नाही, नऊ फटी नाही, मायापुरी नाही, जेरीकॅनच्या मुठी नाहीत. हे वचनाला जागले. एक अक्षर बोलले नाहीत. त्याची गरजच पडली नाही. व्याही गाडीतून उतरले, अंगणात आले, आणि घराकडं यायच्या ऐवजी त्यांनी चपला काढल्या, पांढऱ्या झब्ब्यासकट फरशीवर उताणे झाले आणि जीपखाली सरकले. आतून आवाज आला, "पुढचा आडवा पट्टा गोल नळीचा नाही. फोर्ड!"

हे माझ्याकडं न बघता त्यांच्या मागोमाग जीपखाली गेले. बाहेर चार पाय दिसत होते.

विहीणबाई शांतपणे पायरीवर बसल्या. त्यांना हे नवीन नव्हतं.

"तुमच्याकडं पण आहे?" मी विचारलं.

"जोंगा. सैन्याच्या लिलावातली. ती अंगणात उभी असते. आणि एक पोत्यांत आहे."

"पोत्यांत?"

"सुटी. सगळी खोललेली. सात पोती आहेत. आठवं हरवलंय असं म्हणतात." त्यांनी अंगणातल्या फरशीवरचा तेलाचा डाग बघितला. "लाकडाचा भुसा टाकून बघा. रात्रभर ठेवायचा. सोड्यानं नाही जात."

मग आम्ही दोघींनी पोहे खाल्ले, हॉल ठरवला, तारीख ठरवली आणि मानपान नकोच ह्यावर आमचं एकमत झालं. मुलांनी रजिस्टर लग्नाचा आग्रह धरला, तोही मान्य झाला. सगळं कसं अर्ध्या तासात. मी अंगणात जाऊन जीपखालच्या मंडळींना निर्णय सांगितला.

"सगळं पसंत आहे," व्याही खालून म्हणाले. "आमची काही अट नाही. फक्त एक लहानशी मागणी आहे."

लेक तिथंच उभी होती. तिनं कमरेवर हात ठेवले. "हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे, काका."

"नाही, नाही, हुंडा कसला! एक बोल्ट. एफवाला. तुमच्याकडं जादा असला तर. आमच्या पोत्यांतली पण फोर्डच आहे."

जीपखाली हालचाल झाली. धक्का मारून जे कधी जागचे हलत नाहीत ते आमचे हे सर्रकन बाहेर आले. तोंडभर ऑइल, हातात पाना.

"हे बघा पाव्हणं," हे म्हणाले. "हॉल तुमच्या पसंतीचा, जेवण तुमच्या पसंतीचं, मेहुणचार पाच दिवस करतो. बोल्टाचा विषय तेवढा काढू नका."